ओढून नेताना माल बुडाला, तर भरपाई कोणाकडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टातल्या आमच्या ऑफिसात मालाच्या नुकसानीचे क्लेम येतात. त्यातला टग (ओढणारी बोट) आणि बार्ज (ओढून न्यायची मालाची बोट) यांचा प्रकार सगळ्यांना कोड्यात टाकतो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, लॉ कॉलेजची मुले. ‘टॉर्ट्स’च्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तासाला टी. जे. हूपर नावाच्या टगचा निकाल कानावर पडलेला असतो, पण त्यात कोणाचे काय बुडाले हे नीट ठाऊक नसते. दुसरे, कोळसा, खडी, लोखंडवाले. त्यांना निकालाशी देणेघेणे नसते. माल खाडीत गेला, पैसे कोण देणार, एवढेच त्यांना हवे असते. दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांत अमेरिकेचे दाखले जास्त दिसतील, कारण बार्ज ओढून नेण्यावरून सर्वांत जास्त भांडणे तिथल्या नद्यांवर आणि किनाऱ्यावर झाली आणि त्यांचे निकालही स्वच्छ लिहिलेले आहेत. भारताचा कायदा जिथे वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे.

माझा माल नक्की कोण नेतो? टग की बार्ज?

सगळी गोम इथेच आहे. उसाचे उदाहरण घ्या. ट्रॉली तुमची, ऊस तुमचा, आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तासावर घेतला. शेजाऱ्याने ऊस ताब्यात घेतला असे कोणी म्हणत नाही, तो फक्त ओढायची मजुरी घेतो. पण कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराने फडावर ऊस मोजून घेतला, पावती दिली आणि गव्हाणीपर्यंत पोचवायचे कबूल केले, तर वाटेत ऊस गेला की जबाब त्याने द्यायचा.

पाण्यावरही तसेच आहे. बार्जवाल्याने माल भरून घेतला आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याचा कागद) किंवा पावती दिली, तर तो वाहतूकदार. टगवाल्याने नुसता दोर लावून बार्ज ओढली, तर त्याचा करार ओढण्याचा. बार्जच्या पोटात गहू आहे की कोळसा, याच्याशी कराराच्या दृष्टीने त्याचा संबंध नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३२ साली स्टीव्हन्स विरुद्ध व्हाइट सिटी या खटल्यात हे पक्के केले. ओढणारा टग हा ओढल्या जाणाऱ्या बोटीचा राखणदार नाही आणि सार्वजनिक वाहतूकदारही नाही. वाजवी काळजी आणि वाजवी कौशल्य एवढेच त्याच्याकडून मागता येते.

त्याने माझ्या क्लेममध्ये काय फरक पडतो?

पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर, हा फरक पडतो, आणि तो फार मोठा आहे.

माल ताब्यात घेणाऱ्याविरुद्ध तुमचे काम सोपे असते. चांगल्या स्थितीत दिला, परत मिळाला नाही, एवढे दाखवले की कसा गेला ते सांगायची पाळी त्याची. टगवाल्याविरुद्ध तसे नाही. बार्ज बुडाली म्हणजे टगची चूक झाली असे कोर्ट धरून चालत नाही. कप्तानाने काय करायला हवे होते, काय केले नाही आणि त्यामुळेच बार्ज कशी गेली, हे तुम्हाला उभे करावे लागते. साक्षीदार सगळे त्याचे, लॉगबुक त्याचे, आणि घटना घडली भर समुद्रात. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या प्रकरणात टगच्या लॉगबुकात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी ‘हवामान साधारण’ अशी नोंद होती. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच कलत्या अक्षरात, एकाच बैठकीत उतरवलेल्या. दुपारी बार्ज उलटली होती.

टग आणि बार्ज एकाच मालकाची असेल तर?

तर तुमचे नशीब बरे, पण अर्धेच. १९२७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर सॅक्रामेंटो नदीवरचा एक खटला आला. बार्जमध्ये बार्ली भरलेली, बार्जला स्वतःचे इंजिन नाही, ओढणारी बोट त्याच कंपनीची. कोर्ट म्हणाले, करार माल पोचवण्याचा होता, नुसता ओढण्याचा नव्हता, आणि ओढणारी बोट व बार्ज मिळूनच ते काम करत होत्या. म्हणून वाहतुकीच्या कायद्यासाठी दोन्ही मिळून एकच जहाज धरायचे. आता याचा उलटा तोटाही लक्षात घ्या. त्या कायद्यात वाहतूकदाराला काही सवलती होत्या. जहाज सुस्थितीत ठेवले असेल, तर ते चालवण्यातली चूक माफ होती. एकच जहाज धरल्यावर ती सवलत टगच्या चुकीलाही लागू झाली. बार्लीच्या मालकाला जे हवे होते त्याच्या बरोबर उलटे झाले.

टी. जे. हूपर प्रकरणात नेमके काय झाले?

मार्च १९२८. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून कोळसा भरलेल्या बार्ज उत्तरेला न्यूयॉर्ककडे निघाल्या. दोन टग होते, ‘मॉन्ट्रोज’ आणि ‘टी. जे. हूपर’. प्रत्येकामागे तीन बार्ज, दोरांनी एकामागे एक बांधलेल्या. अशी माळ अर्धा मैल लांब पसरते. शेवटच्या दोन बार्ज, मॉन्ट्रोजमागची १७ क्रमांकाची आणि हूपरमागची ३० क्रमांकाची, नॉर्दर्न बार्ज कंपनीच्या होत्या. कोळसा तिसऱ्यांचाच होता.

८ मार्चच्या मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही माळा डेलावेअर ब्रेकवॉटरवरून पुढे गेल्या. ही किनाऱ्यावरची आसऱ्याची जागा. आकाश स्वच्छ होते, भीती वाटावी असे काही दिसत नव्हते. ९ तारखेला सकाळी वारा वाढू लागला आणि दुपार व्हायच्या आत वादळ झाले. तोवर ते अटलांटिक सिटीच्या समोर, ब्रेकवॉटरच्या साठ-सत्तर मैल पुढे आले होते. मागे फिरायला वाव नव्हता. हूपरची मधली बार्ज आवरेना, तिने टगला खूण केली. टग मागे येऊन पाहतो तर ३० क्रमांकाच्या बार्जमध्येही पाणी शिरत होते. बार्जनी नांगर टाकले. ३० क्रमांकाची १० तारखेला दुपारी बुडाली, खलाशी त्याआधी उतरवून घेतले होते. १७ क्रमांकाचीही गत तीच झाली. तिचेही लोक वाचले, कोळसा तळाला गेला.

मग ज्याने त्याने कोर्ट गाठले. कोळशाच्या मालकांनी वाहतुकीच्या करारावर बार्जना धरले. बार्जमालकाने टगना धरले, स्वतःच्या बार्जसाठी आणि ताब्यातल्या कोळशासाठीही. टगमालकाने आपली जबाबदारी मर्यादित करून मागितली. सगळे दावे एकत्र चालले.

यात रेडिओ कुठून आला?

त्या काळी अमेरिकेच्या हवामान खात्याचा अंदाज आर्लिंग्टनहून रोज दोनदा प्रसारित होत असे, सकाळी दहाला आणि रात्री दहाला. ८ तारखेच्या सकाळच्या अंदाजात शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, वारा वाढेल असे होते. रात्रीच्या अंदाजात पूर्व आणि आग्नेयेचा वारा जोर धरेल, ढग वाढतील, पाऊस येईल असे होते. त्याच पाण्यात उत्तरेला निघालेल्या आणखी एका टगला दुपारी अशीच खबर मिळाली. वायुभारमापकही थोडा उतरला होता. त्याच्या कप्तानाने आपली माळ सरळ ब्रेकवॉटरच्या आत नेली. आणखी तीन टग त्याच्या मागोमाग आत गेले. चारी माळा वाचल्या.

मॉन्ट्रोज आणि हूपरवर मालकाने रेडिओ दिलेला नव्हता. कप्तानांनी स्वतःच्या पदरचे आणलेले संच होते, पण ते धड चालत नव्हते. समोर शांत समुद्र आणि चांदणी रात्र, कानावर काही नाही, म्हणून ते पुढे गेले.

तेव्हा रेडिओ ठेवायची सक्ती होती का?

नव्हती. म्हणूनच हा निकाल गाजला. टगमालकाचे म्हणणे असे की कायदा सांगत नाही, धंद्यातल्या सगळ्यांनी रेडिओ घेतलेले नाहीत, मग आमचीच मान का धरता?

खालच्या कोर्टात न्यायाधीश कॉक्स यांनी टगवाल्यांविरुद्धच निकाल दिला, पण त्यांची वाट वेगळी होती. टगवर रेडिओ असणे ही आता जवळजवळ सार्वत्रिक रीत झाली आहे, असे ते म्हणाले. जुलै १९३२ मध्ये अपील कोर्टात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी तो आधारच काढून घेतला. (लर्नेड ही पदवी नव्हे, त्यांचे खरेच तसे नाव होते. मुलांना दर वर्षी सांगावे लागते.) हँड म्हणाले, अशी काही रीत नव्हती. काहींकडे रेडिओ होता, काहींकडे नव्हता. पण धंद्याची रीत हे काळजीचे माप कधीच नसते. सगळा धंदाच्या धंदा नवी, हाताशी असलेली साधने घ्यायला आळशी असू शकतो. काही खबरदाऱ्या इतक्या गरजेच्या असतात की सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडे पाठ फिरवली तरी ती सबब होत नाही. काय पुरेसे आणि काय नाही, ते शेवटी कोर्ट ठरवणार.

त्यांचा हिशेब व्यवहारी होता. किनाऱ्याच्या टगला पुरेल असा संच थोड्या पैशांत मिळतो, नीट ठेवला तर बऱ्यापैकी चालतो, आणि त्याने दिवसातून दोनदा शेकडो मैलांच्या परिसराचा अंदाज कळतो. दुर्बीण जशी टगचे डोळे, तसा रेडिओ टगचे कान, असे त्यांनी लिहिले. दुसरी जहाजे वादळ अंगावर घेऊन निभावतील, पण अर्धा मैल लांब माळ ओढणारा टग वळायला जड, पळायला मंद. त्याला आधी कळणे हाच काय तो बचाव. म्हणून रेडिओविना निघालेला टग समुद्रप्रवासाला लायक नव्हता.

मला यातले सर्वांत आवडणारे वाक्य मात्र शेवटाकडचे आहे. एखादे साधन काहींना गरजेचे वाटले, तेव्हा ते बरोबर होते आणि बाकीचे ढिले पडले, एवढे तरी आपण म्हणू शकतो, अशा अर्थाचे. आमच्याकडे ‘सगळे असेच करतात हो साहेब’ हा बचाव दिवसातून तीनदा ऐकू येतो.

पण रेडिओ असता तरी बार्ज वाचल्या असत्या, हे कशावरून?

प्रश्न अगदी योग्य, आणि परीक्षेत मुले नेमकी इथे अडखळतात. रेडिओ नव्हता ही चूक झाली. त्या चुकीमुळेच माल गेला, हे वेगळे सिद्ध करावे लागते. खुद्द मॉन्ट्रोजच्या कप्तानाला साक्षीत विचारले, असा अंदाज मिळाला असता तर काय केले असते? तो म्हणाला, नक्कीच आत गेलो असतो. हूपरच्या कप्तानानेही तेच सांगितले, पण त्याला विचारताना वकिलाने ‘वादळाचा इशारा’ असा शब्द प्रश्नात घुसडला होता आणि कप्तानाने तोच धरून उत्तर दिले. म्हणून हँड यांनी त्याच्या कबुलीला कमी वजन दिले. आत गेलेल्या चार टगांचे उदाहरण समोर होतेच.

साक्ष घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. प्रश्नात एक शब्द जास्त घातला की आपलाच पुरावा हलका होतो.

रेडिओवर एवढा भर का? कप्तानाने हवामान पाहून आत जायला हवे होते, एवढे म्हणणे पुरे नाही का?

ओढण्याच्या करारात कधी कधी पुरे होते. पण माल वाहतुकीच्या करारात कप्तानाची जहाज चालवण्यातली चूक ही अनेकदा वाहतूकदाराला माफ असते. समुद्रमार्गे माल वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांत ती सवलत स्पष्ट लिहिलेली आहे. जे माफ नाही ते म्हणजे जहाज लायक स्थितीत न ठेवणे. म्हणून मालाच्या मालकाचा वकील कप्तानापेक्षा सामानाच्या मागे लागतो. दोर जुना होता का, पंप चालत होता का, झाकणे पाणी अडवणारी होती का, इशारा ऐकायचे साधन होते का. ही मालकाने किनाऱ्यावर बसून करायची कामे असतात. कप्तान चुकला असे म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत.

मग बार्जवाला सुटला का?

नाही. हूपर प्रकरणात बार्जसुद्धा लायक नव्हत्या, असे कोर्टाने धरले. परिणाम असा की कोळशाच्या मालकापुरते टग आणि बार्ज दोघे जबाबदार, त्याने कोणाकडूनही वसूल करावे. टग आणि बार्ज यांच्यात मात्र बार्जच्या नुकसानीची वाटणी निम्मी-निम्मी. त्या काळी अमेरिकेच्या सागरी कायद्यात दोघे चुकले की सरसकट अर्धे अर्धे असा नियम होता, चूक कोणाची दहा आणे आणि कोणाची सहा आणे, ते पाहत नसत. १९७५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो मोडला आणि चुकीच्या प्रमाणात वाटणी सुरू केली.

मालाच्या मालकाने यातून घ्यायचे ते एवढेच: एकालाच नोटीस पाठवून बसू नका. दोघांनाही पाठवा. ते आपसांत भांडत बसू देत.

‘अ‍ॅना सी’चा खटला हाच का?

नाही, पण न्यायाधीश तेच. ४ जानेवारी १९४४, न्यूयॉर्कचे बंदर. कॅरोल नावाच्या टगला एक बार्ज काढायची होती. त्याच्या माणसांनी ओळीने बांधलेल्या बार्जचे दोर सोडून पुन्हा बांधले आणि ते धड बांधले नाहीत. सगळी ओळ सुटली आणि अ‍ॅना सी नावाची बार्ज एका टँकरला जाऊन भिडली. टँकरच्या पंख्याने तिच्या तळाजवळ भोक पाडले. कोणाला पत्ता नाही. थोड्या वेळात ती कलंडली, अमेरिकन सरकारचे पीठ पाण्यात गेले आणि मागोमाग बार्जही.

मदतीला आलेल्या टगांकडे पंप होते. बार्जवर माणूस असता आणि त्याने ‘पाणी शिरतंय’ अशी हाक दिली असती, तर ती तरली असती. तो माणूस आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला गेला तो एकवीस तास उलटले तरी परतला नव्हता, आणि न येण्याचे खरे कारणही त्याला देता आले नाही. म्हणून बुडण्याच्या नुकसानीतला काही वाटा बार्जमालकाच्या गळ्यात आला. १९४७ च्या या निकालात हँड यांनी काळजीचे ते प्रसिद्ध गणित मांडले: धोक्याची शक्यता गुणिले नुकसानीचे आकारमान, हे खबरदारीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर खबरदारी घ्यायलाच हवी. मुले सूत्र पाठ करतात, पीठ विसरतात.

करारात ‘टगमालक कशालाच जबाबदार नाही’ असे छापलेले असेल तर?

देशादेशांत उत्तर बदलते. अमेरिकेत १९५५ साली बिस्सो नावाच्या मालकाच्या तेलाच्या बार्जचा खटला झाला. तिला ना इंजिन, ना सुकाणू, ना माणसे. मिसिसिपी नदीतून ‘कैरो’ नावाची बोट तिला ओढत होती. बार्ज पुलाच्या खांबावर आपटली आणि बुडाली. करारात सगळी जोखीम बार्जमालकाची असे लिहिले होते. सुप्रीम कोर्टाने ते कलम उडवले. ओढण्याचा धंदा मोजक्यांच्या हातात असतो, गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसतो, मग स्वतःच्या निष्काळजीपणातून अशी सुटका करून घेता येणार नाही, असे कारण दिले.

इंग्लंडमध्ये असे नाही. तिथे छापील अटी सहसा जशाच्या तशा लागू होतात. याच फरकावर १९७२ चा ‘ब्रेमेन’ खटला उभा आहे. टेक्सासच्या कंपनीचा तेलविहीर खोदायचा तराफा जर्मन टग लुइझियानाहून इटलीतल्या रावेन्नाला नेत होता. मेक्सिकोच्या आखातात वादळात तराफ्याचे पाय तुटून समुद्रात पडले. करारात ‘वाद लंडनच्या कोर्टात’ असे एक ओळीचे कलम होते. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ते मान्य केले, लंडनला गेल्यावर टगमालक सुटण्याची दाट शक्यता आहे हे समोर असूनही. तेव्हा करार वाचताना जबाबदारीच्या कलमाआधी कोर्टाचे कलम वाचा.

मोठ्या, लांबवर ओढून नेण्याच्या कामांत आता ‘टॉवकॉन’सारखे छापील करार चालतात. तत्त्व असे की ज्याचे नुकसान त्याने सोसावे, चूक कोणाचीही असो. टगचे टगवाल्याने, बार्जचे बार्जवाल्याने. विम्याच्या दृष्टीने हे सोपे पडते. अडचण होते ती मालाच्या मालकाची, कारण तो त्या कराराच्या टेबलावर बसलेलाच नसतो.

माझी सही त्या करारावर नाही. तरी मला तो बाधतो का?

थेट बाधू नये. निष्काळजीपणासाठी तुम्ही टगवर स्वतंत्र दावा लावू शकता. पण तुमच्या बिल ऑफ लेडिंगची मागची बारीक अक्षरे वाचा. वाहतूकदाराने नेमलेल्या इतरांनाही वाहतूकदाराचीच संरक्षणे मिळतील, असे कलम तिथे बहुधा असते. ते नसले, तरी टगवाला तुमचे पैसे भरून बार्जवाल्याकडून उलटे मागू शकतो, कारण त्यांच्यात तसा करार झालेला असतो. बार्जवाला मग तुमच्याकडे डोळे वटारून पाहतो.

हे सगळे भारतात कसे लागते?

बिल ऑफ लेडिंगवर माल निघाला असेल तर समुद्रमार्गे माल वाहतुकीचा कायदा. १९२५ चा कायदा भारतातल्या एका बंदरातून दुसऱ्या भारतीय बंदरात जाणाऱ्या मालालाही लागू होता, हे अनेकांना माहीत नसते. त्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा केला आहे, पाया तोच हेग नियमांचा. त्यात वाहतूकदाराला स्वतःची जबाबदारी नियमांपेक्षा कमी करणारे कलम टाकता येत नाही, टाकले तरी ते रद्द. दावा मात्र एका वर्षात लावावा लागतो. हे वर्ष चहा पिता पिता निघून जाते. सर्व्हे, विमा, पत्रापत्री यातच अकरा महिने जातात.

बिल ऑफ लेडिंग नाही, नुसते चलान आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘ओके’ असेल, तर १८७२ चा करार कायदा. कलम १५१ सांगते की ताब्यात घेतलेल्या मालाची, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची. पण त्यासाठी माल ताब्यात घेतला होता हे आधी दिसले पाहिजे. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या प्रश्नावर आली.

टग किंवा बार्ज अटकवायची असेल तर २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांचा) कायदा, जो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. मालाचे नुकसान आणि ओढण्याचे व्यवहार, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. आपल्याकडे अर्ज मुंबई उच्च न्यायालयात. मात्र देशांतर्गत जलमार्गांवरच्या नोंदणीची बोट असेल तर केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा तिला लागत नाही. म्हणून सर्वांत आधी नोंदणीचा कागद पाहा.

टगमालक म्हणतो, ‘मी फक्त इतकेच देणार.’ तसा हक्क आहे का त्याला?

बहुतेक सागरी देशांत आहे. भारतात ही मर्यादा जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानाच्या मापावर बसते. टग अंगाने लहान आणि ओढतो हजारो टन, त्यामुळे मिळणारी रक्कम लहान आणि नुकसान मोठे, असे विचित्र चित्र दिसते. अमेरिकेचा १८५१ चा कायदा तर प्रवासानंतर जहाजाची जी किंमत उरली ती धरतो.

विमा आहे. मग मला ही डोकेदुखी कशाला?

कारण विमा कंपनी पैसे दिल्यावर तुमच्या जागी उभी राहून टग-बार्जवाल्यावर दावा लावते. तुम्ही तिचा हक्क बुडेल असे काही केले असेल, उदाहरणार्थ बार्जवाल्याला ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून दिले असेल, तर ती तुमच्यावरच घसरते. शिवाय ओढून नेण्याच्या पॉलिसीत टग, दोर आणि बांधणी सर्व्हेअरने निघण्यापूर्वी तपासावी अशी अट असू शकते. घाईत तपासणी टाळून निघालात तर क्लेम तिथेच अडतो.

गोव्याच्या खनिजाच्या बार्जना हे लागू आहे का?

फारसे नाही. मांडवी-जुवारीतल्या बार्ज बहुतेक स्वतःच्या इंजिनावर चालतात. तिथे वाहतूकदार एकच, त्यामुळे वादही सोपे.

२०२१ च्या तौक्ते वादळातली पी-३०५ बार्ज?

ती कामगारांच्या मुक्कामाची बार्ज होती, माल ओढून नेणारी नव्हे. तिथे माणसे गेली. मालाच्या भरपाईचा हिशेब तिला लावू नये.

वादळात टगने दोर कापला आणि बार्ज गेली. ही चूकच ना?

नेहमी नाही. टगवरची माणसे वाचवायला दोर सोडणे कोर्टांना समजते. विचारले जाते ते त्याच्या आधीचे: त्या पाण्यात, त्या अंदाजावर निघालातच कसे? दोर सोडण्यामागे सगळ्यांना वाचवण्याचा हेतू असेल तर ‘जनरल अ‍ॅव्हरेज’चा प्रश्नही येतो, म्हणजे वाचलेल्यांनी गेलेल्याच्या नुकसानीत वाटा उचलायचा. टग आणि ओढलेल्या बार्ज एकाच साहसात धरायच्या, असे यॉर्क-अँटवर्प नियमांत १९९४ पासून लिहिलेले आहे. पण दोर सोडताच एखादी बोट आपोआप सुरक्षित होणार असेल, तर तिचा आणि दुसरीचा धोका एक मानत नाहीत.

माल बुडाल्याचे आत्ताच कळले. पहिल्या दिवशी काय करू?

भांडू नका. आधी बार्जवाला आणि टगवाला दोघांना लेखी कळवा, विमा कंपनीला त्याच तासाला. स्वतःचा सर्व्हेअर पाठवा. बार्ज उथळ पाण्यात असेल तर तिचे फोटो ओहोटीला काढा, भरतीला काही दिसत नाही. तुटलेला दोर मिळाला तर तो टगवर राहू देऊ नका, त्याची दोन्ही टोके कापून, खुणेची चिठ्ठी बांधून सीलबंद करा. दोर ताणाने तुटला, घासून झिजला होता की सुरीने कापला, ते टोक पाहणाऱ्याला कळते. लॉगबुकाच्या त्या आठवड्याच्या सर्व पानांचे फोटो त्याच दिवशी मागा, नुसत्या त्या दिवसाच्या पानाचा नको. आदल्या पानांवर नोंदी कशा, किती वाजता आणि किती शाईंत केल्या आहेत, हे शेजारी ठेवून पाहायचे असते. हवामान खात्याचे त्या दिवसाचे बुलेटिन उतरवून ठेवा, आणि टगवरच्या मोबाइलला तेव्हा रेंज होती का, व्हीएचएफ (बोटीवरचा बिनतारी संच) चालू होता का, हे तांडेलाला साधेपणाने विचारा. वकिलासारखे विचारू नका. तो सांगेल.